मैनाच्या गोळ्या

मालगुंड
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

प्रिय दमयंती,

दिवाळीतलं तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण तोंडात एक भांडण चालू होतं. ते काल मिटलं. उजवीकडची खालची दाढ काढली. चार वर्षांपूर्वी ती अर्धी तुटली होती, तरी मी तिला चालवून घेत होतो. दिवाळीत शेजारच्या ओमकारच्या बायकोने, दीपालीने, कडबोळी आणून दिली. पहिल्याच कडबोळ्याने उरलेली अर्धी उभी चिरली.

दीपालीलाच वाईट वाटलं, म्हणून तीच मला रत्नागिरीला घेऊन गेली. दातांची डॉक्टर अगदी तरुण आहे, दिशा नाव. माझे कान गेलेत हे आधीच सांगितलं, म्हणून बाई सगळं कागदावर लिहून बोलते. एक्स-रे बघून तिने लिहिलं, "काका, मुळं वाकडी आहेत, हाडाला चिकटली आहेत. हिरडी कापून तुकड्यातुकड्यांनी काढावी लागेल." मी म्हटलं, काढ.

पाऊण तास लागला. दुखलं नाही, पण जबड्यात कुणीतरी काम करतंय हे कळत होतं. जहाजावर गंजून बसलेला बोल्ट आम्ही असाच काढायचो, फक्त तिचा हात हलका. तीन टाके घातले आणि एक कागद दिला. जंतू मारायच्या गोळ्या पाच दिवस. दुखण्याच्या गोळ्या तीन दिवस, दर सहा तासांनी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या, आणि आठवड्याने टाके काढायला यायचं.

दुखण्याची गोळी मी घेतलेली नाही. लागलीच नाही. भूल उतरल्यावर ठणकलं, पण तेवढं माणसाला सोसतं. कापलं म्हणजे दुखणारच.

पेज गार करून पितो. राहीला कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस. मुंबईत बसून ती काय करणार? फोनवर तिचं बोलणं मला ऐकू येत नाही आणि इथे यायला तिला जमत नाही. तिची आई मैना जाऊन सहा वर्षं झाली, त्यात लेक या घरात चार वेळा राहिली असेल नसेल. मी विचारत नाही. माझ्यावर तिचा राग असेल, तर तो तिचा हक्क आहे.

तिकडे थंडी पडली का? इथे पहाटे जरा गार वाटतं, एवढंच.

तुझा भाऊजी,
हरिश्चंद्र


राजापूर
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

भाऊजींना नमस्कार,

पत्र काल दुपारी मिळालं आणि दोनदा वाचलं. "सोसतं" हा तुमचा शब्द मला आवडला नाही. मैनाताईही तेच म्हणायची.

हे पत्र मिळेपर्यंत पाच दिवस होऊन गेले असतील. एव्हाना दुखणं उतरलं असेल तर देवाची कृपा. उतरलं नसेल तर कागदावर लिहिलेली गोळी लिहिलेल्या वेळेला घ्या. दर सहा तासांनी असं डॉक्टर म्हणते ते उगीच नाही. दुखणं पार वर चढल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा मला हे नीट समजावून सांगितलं होतं. न दुखता माणूस चार घास खातो, झोपतो, जखम भरते. यात कसला पराक्रम नाही.

पण भाऊजी, कागदावर आहे तीच घ्यायची. दुकानातून दुसरी आणू नका. शेजारच्यांनी प्रेमाने दिली तरी नको. तुमची ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, हे त्या डॉक्टरला सांगितलंत ना? आणि घरात कुठे जुन्या गोळ्या असतील तर न बघता टाकून द्या. फळीवर तांदळाच्या डब्यामागे एखादं पाकीट राहिलं असेल, ते आधी टाका.

मास्तरणीची सवय, जास्त लिहिलं गेलं. डॉक्टरच्या कागदावर काय काय आहे ते मला जसंच्या तसं उतरवून पाठवा. टाके काढायला नक्की जा.

राहीला मी कळवणार नाही, पण तिचा तुमच्यावर राग आहे असं मला वाटत नाही. कशामुळे येत नाही ते मात्र मलाही कळलेलं नाही.

तुमची,
दमयंती


मालगुंड
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

दमयंती,

तुझं पत्र आज सकाळी आलं. खरं सांगतो, दुखणं उतरलेलं नाही. तिसऱ्या दिवशी वाढलं. आधी ठणका होता, आता दाढेच्या जागेपासून कानापर्यंत तार तापवून ओढल्यासारखं होतं. तोंडाला वास येतो. पेजही दोन घोट जाते आणि थांबते. टाके काढायला आजच जायचं होतं. गेलो नाही. तोंड एका बोटाएवढं उघडतं, तिला काय दाखवणार?

दीपाली रोज डोकावते. काल तिने मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, "सासूबाई कमरेसाठी घेतात ती लाल गोळी आणू का? तासाभरात आराम पडतो." मी नको म्हटलं. तिला वाटलं, मी उपकार नको म्हणतोय. तसं नाही.

डॉक्टरने दिलेलं पाकीट खिडकीत आहे. त्यातली एकही फोडलेली नाही. जंतू मारायच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या, मग गिळायलाच नको वाटलं. तू विचारशील, असं का. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

मैनाच्या किडन्या गेल्या असं कळलं, त्या दिवशी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं होतं. तेव्हा यंत्र लावून मला थोडंफार ऐकू यायचं. मैना बाहेर बाकावर बसली होती. त्यांनी विचारलं, "या किती वर्षं पेनकिलर घेत होत्या?" मी म्हटलं, "मला कल्पना नाही. मी जहाजावर असायचो." ते म्हणाले, "अंगात ब्लडप्रेशर, त्यावर उपचार नाही, आणि वर्षानुवर्षं त्या गोळ्या. असे पेशंट आमच्याकडे पुष्कळ येतात."

बाहेर आलो. मैनाने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, वय झालं म्हणाले. तिने मान डोलावली. आमचं त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. पुढे तीन वर्षं आठवड्यातून तीनदा मी तिला डायलिसिसला नेत होतो, येता-जाता तासन्तास शेजारी बसत होतो, पण ही गोष्ट कधी तोंडावर आणली नाही. तिनेही नाही.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून दुखण्याची गोळी हातात घेतली की हात तोंडापर्यंत जात नाही.

तांदळाच्या डब्यामागे पाहिलं. तिथे काही नाही. तिथे काय असायला हवं होतं? तुला काही ठाऊक होतं का?

हरिश्चंद्र


राजापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

भाऊजी,

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ लिहिते. मला ठाऊक होतं. त्या गोळ्या मी आणत होते.

तुम्हाला आठवत असेल, चौऱ्याण्णव साली ताई विहिरीच्या पायऱ्यांवरून हंड्यासकट घसरली. तुम्ही तेव्हा जहाजावर होतात. मी मालगुंडच्या शाळेत लागून तुमच्याकडेच राहत होते, राही चार वर्षांची होती. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि झोपून राहा म्हणून सांगितलं. ताई हसली. गाय होती, कलमांना पाणी घालायचं होतं, पोर होतं. ती झोपून राहणार कशी?

गोळी घेतली की ती उठायची. दहा दिवसांनी गोळ्या संपल्या आणि ती चुलीसमोर बसली ती तिला उठताच येईना. मला म्हणाली, "तू पगाराला रत्नागिरीला जातेस ना, तेवढं पाकीट आण." स्टँडजवळच्या दुकानात मी रिकामं पाकीट दाखवलं. त्याने दुसरं दिलं. कुणी कागद मागितला नाही, कुणी काही विचारलं नाही. आधी महिन्याला दोन पाकिटं, मग चार. मी निवृत्त होऊन राजापूरला येईपर्यंत, अठरा वर्षं. ती ते तांदळाच्या डब्यामागे ठेवायची.

मी शिकलेली होते. शाळेत मुलांना आरोग्याचे धडे शिकवत होते. एकदोनदा म्हटलं, ताई, रोज घेऊ नये गं. ती म्हणायची, "रोज घेत नाही, दुखेल तेव्हा घेते." दुखायचं रोज. मला ते कळत होतं. तरी आणत होते, कारण गोळी नसली की तिचा चेहरा मला बघवायचा नाही.

आणखी एक गोष्ट. ताईला लिहायची सवय नव्हती, म्हणून जहाजावर तुम्हाला येणारी तिची पत्रं मी लिहायची, हे तुम्हाला माहीतच आहे. एका पत्रात तुम्ही विचारलं होतं, कंबर कशी आहे. ती म्हणाली, "बरी आहे म्हणून लिही. त्यांच्या जिवाला तिकडे घोर नको. गोळ्यांचं त्यांना कधी कळवू नकोस." मी लिहिलं. वाक्य तिचं होतं, पण अक्षर माझं होतं. तुम्ही ते खरं मानलंत.

ती गेली तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "तू होतीस म्हणून माझा संसार झाला." तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. पुढे दर पत्रात लिहीन लिहीन म्हणत राहिले.

आता तुम्ही मला पत्र लिहिलं नाहीत तरी मी समजेन. पण एक मागते. माझ्या चुकीची शिक्षा तुम्ही तुमच्या जबड्याला देऊ नका. त्या मुलीकडे जा. तोंड एका बोटाएवढं उघडत असेल तर एका बोटाएवढं दाखवा.

दमयंती


(दीपालीने मोबाइलवर पाठवलेला संदेश)
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.१०

मावशी, मी दीपाली, मालगुंडहून. घाबरू नका. काल सकाळी काका अंगणात चक्कर येऊन पडले. ताप होता, गाल सुजला होता. तीन-चार दिवस त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आम्हाला कळू दिलं नाही. मी आणि ओमकारने त्यांना रत्नागिरीला नेलं. दिशा मॅडमनी जागा साफ केली, टाके काढले आणि दोन दिवस दवाखान्यात ठेवून सलाइन लावायला सांगितलं. आता बरे आहेत. तुमचं पत्र मंगळवारी आलं होतं. ते घेऊन दिवसभर पडवीत बसले होते. आत्ता मी विचारलं, दमयंतीमावशींना काय कळवू? म्हणाले, मी लिहीन म्हणावं.


मालगुंड
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दमयंती,

दवाखान्यातून शुक्रवारी घरी आलो. आज हाताला बळ वाटतंय, म्हणून बसलो आहे. लांबेल.

आधी दातांचं सांगतो. त्या खळग्यात रक्ताची गुठळी धरायला हवी होती, ती निघून गेली, हाड उघडं पडलं आणि मग तिथे घाण साचली. डॉक्टर दिशा रागावली. रागावतानाही तिला लिहावं लागतं, त्यामुळे राग जरा सावकाश येतो. तिने लिहिलं, "काका, तिसऱ्या दिवशी वाढलं तेव्हाच का नाही आलात? औषध लावून एका दिवसात आराम दिला असता. गोळ्या का नाही घेतल्या?"

मी तिला मैनाचं सांगितलं. सगळं. माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगी, पण ऐकून घेतलं. बाहेर पेशंट बसले होते तरी घाई केली नाही. मग एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीवर लिहीत बसली. ते पाकीट माझ्यासमोर आहे, त्यातलं तुला लिहितो.

"काकू घेत होत्या ती गोळी वेगळी, मी दिली ती वेगळी. तुम्हाला मी साधी पॅरासिटामॉल दिली आहे. सूज उतरवणाऱ्या ज्या पेनकिलर असतात, त्या तुमचं वय आणि ब्लडप्रेशर बघून मुद्दाम दिल्या नाहीत. त्याच गोळ्या रोज, वर्षानुवर्षं घेतल्या तर किडनीवर जातात. पॅरासिटामॉलचीही मर्यादा आहे. ठरलेल्या वेळेला, दिवसाला चारच्या वर नाही, तीन-चार दिवस, मग बंद. त्याच्या वर गेलात तर ती लिव्हरला त्रास देते."

दीपालीच्या सासूच्या लाल गोळीचं विचारलं. तिने पाकिटाचा फोटो मागवून बघितला आणि लिहिलं, "ही घेतली नाहीत ते बरं केलंत. हिच्यात दोन औषधं आहेत. एक तुम्हाला नको असलेलं, आणि दुसरं पॅरासिटामॉलच. माझी आणि ही अशा दोन्ही घेतल्या असत्या, तर तेच औषध दुप्पट पोटात गेलं असतं आणि तुम्हाला कळलंही नसतं. नाव वेगळं असलं तरी पाठीवरचं बारीक अक्षर वाचायचं."

मी तिला विचारलं, मैनाच्या किडन्या त्या गोळ्यांनीच गेल्या का? तिने लिहिलं, "मी दातांची डॉक्टर आहे. पण कुठल्याही डॉक्टरला विचारलंत तरी किती कशामुळे ते सांगता येणार नाही. ब्लडप्रेशरही होतं ना?"

आता तुझ्या पत्राचं.

मंगळवारी ते वाचलं आणि दिवसभर हातात धरून बसलो. तुला वाटलं असेल, राग आला. राग आला नाही. लाज वाटली. तू एवढं लिहिलंस आणि मी तुला अर्धंच सांगितलं होतं.

दमयंती, गोळ्या मीही आणत होतो.

पंच्याण्णव साली सुट्टीवर आलो तेव्हा मैना म्हणाली, "तिकडे चांगली गोळी मिळते म्हणतात, कमरेची. एखादी बाटली आणा. जपून घेईन, महिन्यातून एखादी." अमेरिकेच्या बंदरात ती किराणा दुकानात मिळते, साबणाच्या शेजारी. पाचशे गोळ्यांची बाटली. मी आणली. ती म्हणाली, "दमयंतीला दाखवू नका हं, ती मला डॉक्टरकडे ओढत नेईल." ट्रंकेत साड्यांखाली ठेवली. पुढच्या खेपेला आलो तर बाटली रिकामी. महिन्यातून एखादी, आणि नऊ महिन्यांत पाचशे संपतात? मी फिटर माणूस. तेल किती भरलं आणि किती जळलं याचा हिशेब जन्मभर केला. तो हिशेब मी केला नाही. दुसरी बाटली ट्रंकेत ठेवली. दोन हजार दहाला निवृत्त होईपर्यंत दर खेपेला आणत राहिलो.

डॉक्टरांनी "किती वर्षं घेत होत्या" विचारलं तेव्हा मला वर्षं माहीत होती, बाटल्याही माहीत होत्या. मी म्हटलं, कल्पना नाही.

म्हणजे बघ, तू आणत होतीस हे मला माहीत नव्हतं आणि मी आणत होतो हे तुला माहीत नव्हतं. आपण एका घरात जेवलो, एकमेकांना पत्रं लिहिली. ती मधे बसून दोघांकडून घेत होती. कदाचित एक संपली म्हणून दुसरी, कदाचित दोन्ही एकाच दिवशी. ती कशी आणि किती घ्यायची हे आता कळणार नाही.

दोष कुणाचा किती, हे मला वाटता येत नाही. तू अठरा वर्षं, मी पंधरा, असं मोजून काही हाती लागत नाही.

दवाखान्यात पहिल्या रात्री नर्सने गोळी हातावर ठेवली. साधी पांढरी. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. नर्स ताटकळत उभी राहिली, मग तिने खुणेने विचारलं, काय? मी गिळली. अर्ध्या-पाऊण तासाने जबड्यातला पीळ सुटायला लागला. एकदम नाही. भरती ओसरताना खडक एकेक करून वर येतात तसं. आधी कान मोकळा झाला, मग मान, मग खांदे खाली आले. तेरा दिवस मी खांदे वर धरून बसलो होतो हे मला तेव्हा कळलं. भूक लागली. पेज मागितली आणि वाटीभर प्यायलो.

आणि दमयंती, मला मैना कळली. मी तिला इतकी वर्षं मनात विचारत होतो, का घेत राहिलीस गो? एवढं साधं होतं ते. तिला हंडा उचलायचा होता. राहीला कडेवर घ्यायचं होतं. दुखणं गेलं की ती तिची व्हायची. तिला गोळी नको होती, तिला तो मधला वेळ हवा होता. माझ्या तेरा दिवसांत मला ते समजलं, तिने ते वीस वर्षं काढलं. आपल्यापैकी एकानेही तिच्याजवळ बसून, कंबर का दुखते, हे शेवटपर्यंत नेऊन बघितलं नाही. गोळी आणून देणं सोपं होतं.

रक्ताचा रिपोर्ट आला. माझ्या किडन्या ठीक आहेत. दुखण्याच्या गोळ्या रविवारपासून बंद केल्या, आता लागत नाहीत.

तू ये. लिहून पुरत नाही.

तुझा भाऊजी,
हरिश्चंद्र


मालगुंड
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

प्रिय राही,

हे अक्षर मावशीचं आहे, पण पत्र बाबांचं आणि माझं, दोघांचं आहे. मी रविवारी इथे आले. बाबांची दाढ काढली होती, त्यातून थोडं आजारपण झालं. आता बरे आहेत, भात खातात.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. सांगावी की नाही, यावर आम्ही दोन दिवस वाद घातला. बाबा म्हणाले, आईबद्दल तिच्या मनात जे आहे ते तसंच राहू दे. मी म्हटलं, लपवून या घरात कुणाचं भलं झालं? शेवटी ते म्हणाले, लिही.

आईच्या किडन्या गेल्या त्यात वर्षानुवर्षं घेतलेल्या कमरेच्या गोळ्यांचा भाग होता. त्या गोळ्या मी रत्नागिरीहून आणत होते आणि बाबा परदेशातून आणत होते. आम्हाला एकमेकांचं माहीत नव्हतं, कारण आईने दोघांनाही सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस. तिला कुणाला फसवायचं नव्हतं. तिला दुखत होतं आणि कामं थांबत नव्हती. चूक आम्हा मोठ्यांची आहे. तुला रागवायचं असेल तर रागव.

हे तुला आत्ता लिहायचं कारण असं. गेल्या वर्षी श्राद्धाला आलीस तेव्हा सकाळी चहाबरोबर, पोटात काही नसताना, तू दोन गोळ्या घेतल्यास. मी विचारलं तर म्हणालीस, "डोकं दुखतं गं मावशी, रोजचंच आहे." रोजचंच हा शब्द ऐकून मी गप्प बसले, कारण तो शब्द या घरात मी आधी ऐकला होता. गप्प बसायला नको होतं.

तू कोणत्या गोळ्या घेतेस, दिवसाला किती, किती वर्षं, ते लिहून कळव. आणि डॉक्टरांना डोकं दाखव. गोळ्या मागायला नको, डोकं का दुखतं ते विचारायला जा. एकटी जायचं नसेल तर मी मुंबईला येते.

मावशी आणि बाबा


मुंबई
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

बाबा, मावशी,

फोन केला असता, पण बाबांना ऐकू येणार नाही आणि मेसेजमध्ये हे लिहिण्यासारखं नाही. किती वर्षांनी हाताने पत्र लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

आधी मावशीने मागितलेलं लिहिते. डोकेदुखीच्या दोन प्रकारच्या गोळ्या पर्समध्ये असतात. आठवड्यातले चार-पाच दिवस लागतात. कधी एक, कधी तीन. सहा वर्षं झाली. काल पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर पहिल्यांदा वाचलं. शुक्रवारी ऑफिसच्या जवळ डॉक्टरांची वेळ घेतली आहे. एकटी जाईन, पण काय म्हणाले ते सगळं सांगेन.

मला तुमच्यावर रागावता येत नाही. मी बारावीला असताना क्लासला रत्नागिरीला जायची. एकदा मावशीला ताप होता आणि पगाराच्या दिवशी ती गेली नव्हती. आई मला म्हणाली, "येताना हे एवढं पाकीट आण. मावशीला आणि बाबांना सांगू नकोस." मी आणलं. एकदाच, एकच पाकीट, दहा गोळ्या. आईचे रिपोर्ट आले तेव्हा मी किडनीबद्दल सगळं वाचून काढलं आणि मला वाटलं, ते माझ्यामुळे झालं. ती एरवी घेते हे मला माहीतच नव्हतं. मला वाटत होतं की तिने आयुष्यात जी गोळी घेतली ती मीच आणून दिलेली.

बाबांना वाटतं मी रागाने येत नाही. बाबा, मला तुमच्यासमोर बसून जेवता यायचं नाही.

मी शनिवारी येते. या वेळी चार दिवस राहीन.

राही